ओट्यावरचे तांदूळ

गेले तीन आठवडे आमच्या ओट्यावर, मिक्सर आणि मिसळणाच्या डब्याच्या मधल्या जागेत, किलोभर तांदूळ पडून आहेत. कुठल्याशा कापडदुकानाची पातळ पिशवी, तिच्या तोंडाला घट्ट मारलेली गाठ. नवऱ्याने दोनदा विचारलं, "हे डब्यात का टाकत नाहीस?" दोन्ही वेळा मी "टाकते" म्हटलं. डब्यात टाकले की ते आमचे होतील, आणि ते आमचे आहेत का याचा निकाल काही केल्या लागत नाही. मी हिशोब लिहिण्याचं काम करते. दुसऱ्यांच्या रुपयाची नोंद कुठे करायची हे मला झोपेतही सांगता येतं. या एका किलोची नोंद मात्र कुठल्या खात्यावर टाकावी ते कळत नाही.

पोळ्या करायला येणाऱ्या मावशींनी ते आणून दिले. चप्पल काढता काढताच पिशवी पुढे केली. "ह्ये तुमचं, ताई." मी म्हटलं, "माझं काय?" तर म्हणाल्या, "किलो सुटला न्हवं? आता पुरं मिळतंय. सुटला त्यो तुमचाच की." आणि पदर खोचून कणकेच्या परातीकडे वळल्या. मी "अहो, असं काय" वगैरे पुटपुटले, पण तोवर त्यांनी गॅस पेटवला होता.

हे सगळं गिरणीत सुरू झालं. जून २०२४ मधली गोष्ट. पाऊस अजून धरायचा होता आणि गिरणीत उभं राहवत नव्हतं. पट्ट्याची फटफट, गरम पिठाचा तो भाजक्या वासाकडे झुकणारा वास, गिरणीवाल्याच्या भुवया पांढऱ्या. मी माझा डबा घेऊन रांगेत, आणि माझ्यापुढे मावशी, डोक्यावरून नुकतंच उतरवलेलं रेशनचं धान्य घेऊन. गिरणीवाला किलोवर पैसे घेतो, त्यामुळे दळणाआधी सगळं काट्यावर चढतं. त्याने गहू ठेवले. "नऊ." मावशींनी मान हलवली. मग त्या म्हणाल्या, "भाऊ, तांदळाचं बी एकडाव बघ." तांदूळ चौदा भरले. हिशोबाची खोड मेली जात नाही. मी पटकन विचारलं, "मावशी, तुम्ही घरात पाच माणसं ना? पाच-पाच पंचवीस. मग हे तेवीसच कसे?" गिरणीवाला हसला. मावशीही हसल्या. पहिल्यांदा गावात आलेल्या माणसाने ओढ्याला पाणी का नाही विचारावं आणि गावकऱ्यांनी हसावं, तसं. "दोन किलो त्येचं असतंय," त्या रेशन दुकानदाराबद्दल म्हणाल्या. "पन देतो बिचारा."

देतो बिचारा!

त्या रात्री मी सरकारी संकेतस्थळावर त्यांच्या कार्डाचा बारा आकडी नंबर टाकला. पडद्यावर सगळं आलं. तारीख, वेळ, अंगठा कुणाचा, गहू १० किलो, तांदूळ १५ किलो. सरकारच्या लेखी मावशींच्या घरात पंचवीस किलो धान्य पोचलं होतं आणि त्याला त्यांच्याच अंगठ्याची साक्ष होती. पावती मागितली की "रोल संपलाय" हे उत्तर, असं त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. रोल कधीपासून संपलाय, विचारलं. म्हणाल्या, "मशीन आलंय तवापासनं."

मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या डोक्यात अजून फिरतंय. पूर्वी गहू दोन रुपये किलो, तांदूळ तीन रुपये किलो होते तेव्हा त्या भांडायच्या. वजन कमी वाटलं तर पिशवी परत काट्यावर आपटायच्या, "पैसं मोजलंत, फुकाट न्हाई नेत" म्हणून दुकान डोक्यावर घ्यायच्या. जानेवारी २०२३ पासून धान्य फुकट झालं आणि त्यांचं तोंड बंद झालं. दुकानदाराला आयतं वाक्य मिळालं, "फुकटचं ते, त्यात काय मोजताय?" आणि रांगेतले चार लोकही मान डोलवायला लागले. महिन्याचे पासष्ट रुपये वाचले म्हणून आपण इकडे खूश होतो. पण त्या पासष्ट रुपयांत मावशींनी भांडायचा हक्क विकत घेतलेला होता, हे कुठल्याच परिपत्रकात लिहिलेलं नव्हतं. फुकट देऊ नये असं मला म्हणायचं नाही, अजिबात नाही. पोट भरलेल्यांनी ते म्हणूही नये. पण जे कायद्याने हक्काचं आहे ते रांगेत उभं राहिल्यावर दान होऊन जातं, आणि दानाला काटा लावायची आपल्याकडे पद्धत नाही.

माझ्या आजीची आठवण झाली. तिचं सासर करमाळ्याकडचं. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायला जायची. संध्याकाळी मुकादम ढीग मापायचा, त्या मापावर मजुरी. हाताला चिंध्या गुंडाळलेल्या, डोळ्यांत कचकच, आणि दुपारी मिळणाऱ्या सुकडीचा वास, जो तिला पुढे आयुष्यभर नकोसा झाला. त्या मुकादमाबद्दल मात्र ती फार मायेने बोलायची. "देवमाणूस. धा नावांत येकच नाव खोटं लावायचा." आम्ही नातवंडं खो खो हसायचो. ती हसायची नाही. शेजारच्या कामावर मजुरी लाटायला हजेरीपटावर दहात चार नावं खोटी लावत, त्या मानाने हा देवमाणूसच. गरिबाच्या मनातली ही मोजपट्टी कुणी सांगितली म्हणून बदलत नाही. लुबाडतो की नाही हा प्रश्नच त्या मोजपट्टीवर नसतो. किती लुबाडतो, आणि लुबाडताना माणसासारखा बोलतो का, एवढंच त्यावर मोजलं जातं.

त्या दुष्काळातूनच पुढे रोजगार हमी उभी राहिली. वि. स. पागे यांची कल्पना, १९७७ चा कायदा, आणि पैसा उभा करायला १९७५ पासून नोकरदारांवर व्यवसाय कर. तो आजही आहे. महिन्याला दोनशे, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार. दर महिन्याला मी कितीतरी लोकांच्या पगारातून तो कापते, चलन भरते. आजीच्या खडीशी या ओळीचं काही नातं आहे हे नोकरीला लागून सहा वर्षं झाल्यावर कळलं, तेही असंच कुणाच्या तरी बोलण्यातून. पगारपत्रकात तो कर इतका लहान दिसतो की त्याबद्दल कुणी विचारत नाही. एकानेही आजवर "माझे दोनशे कुठे गेले" असं विचारलेलं नाही. विचारायला हवं होतं. दहा नावांतलं एखादं खोटं नाव पुढे याच पैशांवर जेवत असणार.

तर मी माहिती अधिकारात अर्ज केला. जोडपत्र अ, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, आणि दीडशे शब्दांची मर्यादा. दीडशे शब्दांत मावशींचं अर्धं वाक्य मावलं नसतं. त्यामुळे मावशींचा उल्लेख न करता दुकानाचं नियतन, म्हणजे त्याला मंजूर होणारं धान्य, साठा नोंदवही, तपासणीचे शेरे आणि वाटपावर देखरेख करणाऱ्या दक्षता समितीची इतिवृत्तं मागितली. अर्ज माझ्या नावाने. मावशी म्हणाल्या होत्या, "माजं नाव नगं ताई, मला महिन्याच्या महिन्याला तितंच जायचंय." हे मला तेव्हा भित्रेपणाचं वाटलं होतं, कबूल करते.

आईला फोनवर सांगितलं तर ती गप्प झाली, मग एवढंच म्हणाली, "तळेगावचं आठवतंय ना?" आठवत होतं. १३ जानेवारी २०१०, सकाळी फिरायला बाहेर पडले आणि खून झाला ते सतीश शेट्टी. जमिनींचे व्यवहार उकरून काढायचे, याच कायद्याचे कागद हातात घेऊन. मी आईला म्हटलं, "अगं, तिथे जमिनी होत्या. इथे दोन किलो धान्य आहे, दोन किलोसाठी कोण कशाला काय करतंय." तरी पुढचे पंधरा दिवस स्कूटरच्या आरशात मी जरा जास्तच बघत होते. कुणी काही केलं नाही. धमकीचा साधा फोनही आला नाही. खरं सांगायचं तर त्याचाही थोडा अपमान वाटला.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही. पहिलं अपील केल्यावर आलं. पानाला दोन रुपयेप्रमाणे चौतीस पानांचे अडुसष्ट रुपये भरले आणि गठ्ठा घरी आणला. दक्षता समितीची इतिवृत्तं वाचताना मला हसावं की रडावं कळेना. सहा सभा, सहाही एकाच अक्षरात, एकाच शाईत. "धान्य वाटपाबाबत कोणाचीही तक्रार नाही. चहापानानंतर सभा समाप्त." तपासणीच्या शेऱ्यांतही तेच, "समाधानकारक". साठा नोंदवही तर इतकी सुबक की आमच्या एखाद्या अशिलाने अशी वही आणून दिली असती तर मी पहिल्या पानावरच ओळखलं असतं की ही एका बैठकीत लिहिलेली आहे. खऱ्या वहीत खाडाखोड असते, पेन बदलतं, चहाचा डाग असतो.

इथे माझं स्वतःचं एक पान उघडून दाखवायला हवं. आमच्या कार्यालयात हिशोब लिहिताना "किरकोळ खर्च" नावाचं एक खातं असतं. अशिलाचं एखादं काम एखाद्या टेबलावर अडलं की ते कसं सुटतं हे मला माहीत आहे. मी स्वतः पाकीट नेऊन देत नाही. मी फक्त नोंद करते. आकडा मोठा असेल तर "प्रवास" आणि "छपाई" यांत थोडा थोडा वाटून टाकते. तेरा वर्षांत याबद्दल माझी झोप कधी उडालेली नाही. आणि मावशींच्या दोन किलोंवर मी रात्री दीड वाजता तावातावाने तक्रार टंकत बसले होते. असं का, यावर माझ्याकडे दोन उत्तरं आहेत. एक म्हणजे गरिबाच्या ताटातलं काढून घेणं ही वेगळी गोष्ट आहे. दुसरं म्हणजे दुकानदाराविरुद्ध लिहिण्यात माझं काहीच जाणार नव्हतं. पहिलं उत्तर मला जास्त आवडतं.

गठ्ठ्यावरून तक्रार केली, निरीक्षक आले, यंत्रातला शिल्लक साठा आणि दुकानातली पोती जुळेनात, पंचनामा झाला, परवाना निलंबित. त्या संध्याकाळी मी घरी श्रीखंड आणलं होतं.

मावशी दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या त्या गप्पच. मग कळलं, दुकान बंद झाल्यावर तिथली सगळी कार्डं साडेतीन किलोमीटरवरच्या दुकानाला जोडली होती. जायला-यायला रिक्षाचे साठ रुपये, एक दिवसाचा खाडा, आणि तिथे गेल्यावर अंगठा लागेना. तीस वर्षं भांडी घासून बोटांच्या रेषाच उरलेल्या नाहीत. जुना दुकानदार हे जाणून होता. तो त्यांची बोटं स्वतःच्या पंच्याने पुसायचा, अंगठा नाही तर तर्जनी, डावा नाही तर उजवा, दहाही बोटं लावून बघायचा आणि नाहीच जमलं तर "सुनेला पाठवा सांजच्याला" म्हणून धान्य बाजूला काढून ठेवायचा. नव्या दुकानात रांगेतले दोनशे लोक परके. "थंब येत नाही, उद्या या." उद्या पुन्हा साठ रुपये. त्या महिन्यात त्यांना पंचवीसच्या पंचवीस किलो मिळाले, काट्यावर तंतोतंत, पावतीसकट. त्यासाठी दोन खाडे आणि एकशेवीस रुपये गेले. हा हिशोब मला कुणी करायला सांगितला नव्हता, पण मी तो केला, कारण मला दुसरं काही येत नाही.

गल्लीत विचारणा सुरू झाली होती, अर्ज कुणी केला. जुन्या दुकानाला लागूनच त्याचं किराणा दुकान होतं. तिथे महिनाअखेरीला तेल, साखर, पोरांच्या वह्या उधारीवर मिळत. ते शटरही त्याने रागाने ओढून घेतलं होतं. म्हणजे मी एका बाणात तीनशे घरांची उधारी बंद केली होती. मावशींनी मला हे सगळं एकदम नाही सांगितलं. रोज पोळ्या लाटताना थोडं थोडं. एकदा त्या म्हणाल्या, "तुमचं चुकलं न्हाई ताई. पन तुमी लिवलं आन चालावं आमाला लागलं." आणि फुगलेली पोळी फडक्यात टाकली.

दुकानदार एकदा घरी आला. मी घाबरले होते, पण तो उंबऱ्याच्या बाहेरच उभा राहिला, आत बोलावलं तरी आला नाही. साठीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, हातात कागदांची पिशवी. "ताई, तुम्ही हिशोबाच्या. माझाही करा एकदा. महिन्याला सत्तर क्विंटल धान्य येतं. क्विंटलला दीडशे रुपये मार्जिन. किती झाले?" मी म्हटलं, "साडेदहा हजार." "त्यात गाळ्याचं भाडं, पोऱ्याचा पगार, लाईटबिल. पोतं पन्नासचं म्हणून उतरतं, भरतं एकोणपन्नास, कधी त्याहून कमी. पोत्याला लावलेला हुक दाणे सांडतो, ते कुणाच्या नावावर? आणि वरचे." "वरचे म्हणजे?" तो माझ्याकडे बघत राहिला. गिरणीवाला हसला होता तसंच हसला. "मी किलो खातो ते तुम्हाला दिसलं. मला कोण खातं ते तुमच्या अर्जात नव्हतं."

तो गेल्यावर मी तो हिशोबही केला. तीनशे कार्डं, घरटी दोन किलो, म्हणजे सहा क्विंटल. बाजारात वीस रुपये किलोने धरलं तरी बारा हजार. कायद्याच्या कमाईपेक्षा जास्त. त्यामुळे त्याची कणव येऊनही मी माझा अर्ज चुकला असं म्हणणार नाही. पण त्या बारा हजारांतले त्याच्या खिशात किती राहत होते हे विचारायला मी पुढचा अर्ज केला का? नाही केला. तयार होता. कोर्ट फी तिकीटसुद्धा चिकटवलं होतं. तो अजून कपाटात आहे.

माहिती अधिकार म्हटलं की आपल्याकडे लगेच अण्णांची उपोषणं आणि राज्याचा २००२ चा कायदा आठवतो. मला या काळात आठवत राहिलं ते राजस्थान. मजूर किसान शक्ती संघटनेची डिसेंबर १९९४ मधली पहिली जनसुनवाई. गावासमोर हजेरीपट मोठ्याने वाचले गेले, आणि ज्यांच्या नावावर मजुरी उचलली होती तेच लोक उठून म्हणाले, आम्ही तर त्या कामावर गेलोच नव्हतो. मग एप्रिल १९९६, ब्यावरचं चांग गेट, माहितीच्या हक्कासाठी चाळीस दिवसांचं धरणं. तिथे कागद वाचणारी, संघटनेच्या अरुणा रॉय यांच्यासारखी शिकली-सवरलेली माणसं होतीच. पण मागणी करायला, बसायला, गाणी म्हणायला मजूर स्वतः होते. आसपासच्या खेड्यांतून धान्य आलं, भाजीवाल्यांनी भाजी दिली. माझ्या अर्जात आणि त्या धरण्यात फरक कुठे पडला हे कळायला फार हुशारी लागत नाही. तीनशे घरांच्या दुकानाबद्दल मी एका घरालाही विचारलं नव्हतं. मावशींनाही नीट नाही. "माझं नाव नको" म्हणाल्या, तेवढंच ऐकलं. "मला तिथेच जायचंय" हे पुढचं ऐकलं नाही.

तीन महिन्यांनी निलंबन उठलं. दंड भरून तोच दुकानदार परत आला. आता पावती मिळते, काट्याचं तोंड गिऱ्हाइकाकडे असतं, आणि भिंतीवर तक्रारीचा नंबर ताज्या रंगात लिहिलाय. उधारी बंद आहे. बोटं तो अजून पुसतो, मावशी सांगतात, पण बोलत नाही. जानेवारीत सलग चौथ्यांदा पूर्ण पंचवीस किलो मिळाले आणि मावशी त्यातला एक किलो पिशवीत घालून माझ्याकडे आल्या.

आता यात दोन शक्यता आहेत, आणि मी तीन आठवडे त्यांच्या मधोमध उभी आहे. ब्यावरला खेड्यांनी धान्य आणून दिलं तसं हे आहे का, आपलं माणूस म्हणून दिलेलं? की गिरणीत मावशी म्हणाल्या होत्या, "दोन किलो त्येचं असतंय," तसं हे आहे? काम करून देणाऱ्याचं असतंच काहीतरी. कालपर्यंत त्याचं होतं, आज ताईंचं. दोन होतं ते एकावर आलं. म्हणजे मी देवमाणूस झाले. दहात एकच.

परवा रात्री गाठ सोडून तांदूळ ताटात ओतले, ट्यूबलाइटखाली धरले. मावशींना मिळणाऱ्या रेशनच्या तांदळात लोह आणि जीवनसत्त्वं घातलेले दाणे मिसळलेले असायचे, शंभर किलोला एक किलो या प्रमाणात. जरा वेगळे, पांढरट, पाण्यावर तरंगणारे. वस्तीत त्याला सगळे प्लास्टिकचा तांदूळ म्हणतात. मी मावशींना दोनदा समजावलं होतं, ते औषधासारखे असतात, टाकू नका, नातवंडांच्या अंगी लागतील. त्यांनी दोन्ही वेळा मान हलवली होती. ताटात मी बोटाने दाणे सारून सारून बघितलं. त्यातला एकही दाणा नव्हता. किलोमागे दहा ग्रॅम, म्हणजे शेकडो दाणे असणार, एकेक करून वेचून काढलेले. खडा नाही, साळ नाही, टोका नाही. मावशींच्या घरात चाळीसचा बल्ब आहे. त्यांना जवळचं नीट दिसत नाही, माझ्याकडे सुईत दोरा ओवून मागतात.

तांदूळ परत पिशवीत भरले. तशीच गाठ मारायचा प्रयत्न केला, जमली नाही.

आज सकाळी पोळ्या झाल्यावर ओटा पुसताना त्यांनी विचारलं, "केला का भात? मोकळा व्हतोय का?" मी म्हटलं, "पहिले संपले नाहीत अजून, मावशी." त्यांनी पिशवी उचलली, गाठीकडे एकदा बघितलं, खालचा ओटा फडक्याने स्वच्छ पुसला, आणि पिशवी होती तिथे परत ठेवली.